भामरागडच्या माडिया गावात महिनाभर राहायचे आहे: केव्हा जावे, कसे वागावे?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. दोन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांची सहल घेऊन गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकशाला गेलो होतो. बाबा आमटे यांनी १९७३ साली सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प पाहिला, भामरागडजवळचा पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम पाहिला आणि तिसऱ्या दिवशी परत निघालो. ज्या माडिया गोंड आदिवासी लोकांविषयी मी वर्गात तासभर बोलतो, त्यांची गावे मात्र बसच्या खिडकीतून पाहिली, ही गोष्ट तेव्हापासून मनाला टोचत राहिली आहे.

येत्या मे महिन्यात मला चार आठवड्यांची रजा मिळणार आहे. त्या काळात भामरागड तालुक्यातील एखाद्या आतल्या गावात राहून तेथील शेती, अन्न, जंगलाशी असलेला व्यवहार आणि गावाचा कारभार समजून घ्यावा, असा विचार आहे. माडिया भाषा मला येत नाही. ती शिकून मगच जावे, की जाऊन शिकावी? ज्यांच्या घरी राहायचे त्यांना पैसे देणे अपमानाचे ठरेल का? गोटुल या तरुणांच्या एकत्र घराविषयी पुष्कळ वाचले आहे, ते पाहता येईल का? पत्नीही सोबत येऊ इच्छिते. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुना मास्तर

त्या तालुक्यातील एका आश्रमशाळेत मी नऊ वर्षे होतो, त्यामुळे थोडे अधिकाराने लिहितो. नागपूरहून अथवा बल्लारशाहहून आलापल्ली गाठावी. तेथून भामरागड सुमारे ६५ किलोमीटर आहे आणि हा रस्ता बहुतांशी जंगलातून जातो. पुढे गावापर्यंत काय मिळेल ते त्या दिवसावर अवलंबून असते. शेवटचे काही किलोमीटर चालावे लागतील, असे धरूनच सामान बांधावे.

आपण मे महिना ठरवला आहे, याचे मला थोडे वाईट वाटते, कारण मोहाचा हंगाम तोवर संपलेला असतो. मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत पहाटे अंधार असतानाच सगळे घर टोपल्या घेऊन झाडाखाली जाते. फूल रात्री गळायला लागते आणि ऊन चढेपर्यंत टपटपत राहते. झाडाखालचा पाचोळा आधीच साफ केलेला असतो, म्हणजे पिवळसर फुले जमिनीवर स्वच्छ दिसतात. जंगलातल्या झाडालाही घराणे असते, म्हणजे कोणत्या झाडाची फुले कोणी वेचायची हे गावात सर्वांना ठाऊक असते आणि त्यावरून भांडण झालेले मी क्वचितच पाहिले. वाळवलेली फुले पावसाळ्यात पोटाला आधार देतात, बाजारात रोख पैसा देतात आणि पुढे फळ धरले की बियांचे तेल निघते. दारू हा या झाडाचा एक भाग झाला. शहरातल्या माणसाला मात्र नेमका तेवढाच आठवतो.

अन्नाविषयी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माडिया लोक परंपरेने गाईचे दूध काढत नाहीत, कारण ते वासराचे असते. चहा मिळाला तर कोरा मिळेल. मी पहिल्या महिन्यात दुधासाठी तालुक्याला खेटे घातले आणि नंतर तो नाद सोडला. भात, आंबील, रानभाज्या, बांबूचे कोवळे कोंब, वाळवलेले मासे आणि लाल मुंग्यांची चटणी हे जेवण आहे. चटणी आंबट लागते आणि उन्हाळ्यात जिभेला बरी वाटते.

भाषेची धास्ती बाळगू नये, पण ती द्राविडी कुळातली आहे, तेव्हा मराठीच्या आधाराने अंदाज बांधता येईल या भ्रमातही राहू नये. ‘जोहार’ एवढ्या नमस्कारावर पहिला दिवस निघतो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी आपल्याला आपले देव किती, असे विचारील. चार, पाच, सहा आणि सात देवे मानणारे असे कुळांचे गट आहेत. एकाच गटातले आपापसात भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही, सोयरीक दुसऱ्या गटाशी. मला देवांची संख्या सांगता येईना, तेव्हा एका म्हाताऱ्याने विचार करून मला आपल्याच गटात घातले, कारण त्याशिवाय मला काय म्हणून हाक मारायची हेच लोकांना ठरवता येत नव्हते. त्या दिवसापासून निम्म्या गावाचा मी भाऊ झालो आणि उरलेल्या निम्म्यांना माझी थट्टा करण्याचा हक्क मिळाला.

इंद्रावतीकाठ

मी स्वतः माडिया आहे. गाव भामरागड तालुक्यात आहे, सध्या शिक्षणासाठी नागपूरला असतो. गुरुजींनी लिहिलेले बरेचसे बरोबर आहे, तरी एक मुद्दा राहून गेला आणि माझ्या मते तो सर्वांत आधी यायला हवा होता. सर, तुम्ही कोणाच्या घरी राहायचे हे विचारले. राहू का, हे गावाला विचारायचे कसे, ते विचारले नाही.

आमच्याकडे गायता आणि पेरमा ही गावाचा कारभार आणि पूजाविधी पाहणारी जुनी पदे आहेत, अनेक गावांच्या इलाख्याला भूमिया हा प्रमुख असतो, आणि त्याबरोबर आता ग्रामसभा आहे. १९९६ चा आदिवासी भागातील स्वशासनाचा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांमुळे ग्रामसभेच्या शब्दाला वजन आले आहे. आमच्याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचा विरोध असला तरी बोलणे चालू राहते. ‘दिल्ली मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. तेव्हा आधी ओळखीच्या शिक्षकामार्फत किंवा आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत निरोप पाठवा, एकदा दोन दिवसांसाठी स्वतः येऊन ग्रामसभेत बसा, काय लिहिणार आणि त्याचे पुढे काय करणार ते सांगा. नाही म्हटले तर परत जावे लागेल, याची तयारी ठेवा. सीमेवरचा भाग आहे, त्यामुळे पोलीस ठाण्यात आपली माहिती आधी देऊन ठेवणे तुमच्या आणि गावाच्याही सोयीचे आहे.

पैशांविषयी: पाहुण्याला जेवायला घालणे आमच्याकडे मोठेपणाचे आहे, म्हणून कोणी मागणार नाही. पण दोन माणसे महिनाभर जेवली तर ते तांदूळ घरच्या कणगीतून जातात आणि पावसाळ्यात त्यांची उणीव भासते. तांदूळ, डाळ, तेल आणि मीठ आठवडी बाजारातून घेऊन घरात आणून ठेवावे. त्यात कोणालाच संकोच वाटत नाही. मुलांना चॉकलेटे वाटू नयेत, ही कळकळीची विनंती. सहलीच्या गाड्यांमागे धावणारी मुले याच सवयीतून तयार झाली आहेत.

गोटुलविषयी स्पष्ट लिहितो. जे रंगवून लिहिले गेले ते मुख्यतः बस्तरच्या मुरिया लोकांच्या घोटुलाविषयी आहे आणि तेही वाचणाऱ्यांनी आपल्या आवडीचे तेवढेच उचलले. आमच्या गावात गोटुल म्हणजे बसण्याची जागा: तेथे सभा होते, पाहुणा उतरतो, पंडुमची, म्हणजे सणाची, तयारी होते. कदाचित तुम्हाला झोपायला तीच जागा मिळेल. शिंगांचा शिरपेच घातलेल्या नर्तकांची छायाचित्रे ‘माडिया’ म्हणून सगळीकडे फिरतात, ती बस्तरमधल्या दंडामी माडियांची असतात. आमच्याकडे तसा शिरपेच शोधत बसू नका. मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड वाटेत दिसतील. त्यांना टेकून बसू नये आणि विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये.

जाता जाता: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमातींना शासनाच्या कागदांत पूर्वी ‘आदिम’ म्हणत. कागदावरचा शब्द बदलला, भाषणांतून तो अजून गेलेला नाही. वर्गात तो वापरत असाल तर आमच्या गावी येण्याआधी सोडून या.

रानवाट

आरोग्य विभागात काम करताना मी गडचिरोलीत काही वर्षे काढली आहेत. महाराष्ट्रात हिवतापाचा सर्वाधिक त्रास होणाऱ्या जिल्ह्यांपैकी हा एक आहे आणि त्यात मेंदूपर्यंत जाणारा फॅल्सिपेरम प्रकारही असतो. औषध भारलेली मच्छरदाणी रोज लावावी. थंडी वाजून ताप आला तर अंगावर काढू नये, त्याच दिवशी आशाताईंकडून रक्ताची तपासणी करून घ्यावी. परतल्यावर महिनाभरात ताप आला, तरी पुण्याच्या डॉक्टरांना आपण कोठून आलो ते आवर्जून सांगावे, नाहीतर ते भलताच विचार करत बसतात.

आपल्या पत्नी येणार आहेत, म्हणून कुर्माविषयी लिहिते. पाळीच्या दिवसांत स्त्रिया गावाच्या कडेला असलेल्या कुर्माघरात राहतात. कित्येक ठिकाणी ती झोपडी पावसात गळते, तेथे साप-विंचवाची भीती असते आणि या प्रथेचा मला मनापासून राग आहे. तरीही पहिल्याच आठवड्यात त्यावर व्याख्यान देऊ नये, असे मी अनुभवावरून सांगते. मी ते देऊन पाहिले होते. बायकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि त्यानंतर दोन महिने माझ्याशी त्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढे मी त्यांच्याबरोबर पाणी भरू लागले, तेव्हा त्याच सांगू लागल्या की तिथे निदान चार दिवस धान कांडावे लागत नाही, आणि गळक्या छपराची तक्रारही त्यांनीच केली. आपल्या पत्नींना त्या दिवसांत काय करावे लागेल, हे आधी घरातल्या बाईंशी बोलून घ्यावे. यजमान घराला अडचण होणार असेल, तर त्या दिवसांत तालुक्याच्या गावी मुक्काम करणे बरे.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. ग्रामसभेचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, हे कबूल करतो. फेब्रुवारीत दोन दिवसांसाठी एकटाच येऊन विचारीन. परवानगी मिळाली तरच मेचे तिकीट काढीन. एकच शंका उरते. मोहाचा हंगाम संपलेला असेल, तर मे महिन्यात गावात मला दिसण्यासारखे काय असेल?

इंद्रावतीकाठ

मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे विडीच्या पानांचा हंगाम, असतो, सर, आणि त्या दिवसांत दिसण्यासारखे सगळेच असते, फक्त दाखवायला कोणाला सवड नसते. पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, ऊन वाढायच्या आत ओझे घरी आणायचे, मग सावलीत बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या जागी, मोजून द्यायचे, असा हा दिवस असतो. छत्तीसगडमध्ये पुडा पन्नास पानांचा असतो, त्यामुळे नदीपलीकडचे पाहुणे आले की यावरून चेष्टा चालते. घरातला वर्षाचा रोख पैसा बराचसा या दोनेक आठवड्यांतच येतो. ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्यापासून भाव काय ठरला, बोनस केव्हा मिळणार, ठेकेदाराने किती थकवले, यावर गोटुलात रात्र रात्र बोलणे चालते. कारभार पाहायचा असेल तर तेव्हाच पाहावा. त्याच सुमारास पेरणीआधीचा विज्जा पंडुम, म्हणजे बियाण्याचा सण, गावोगावी होतो. त्याची तारीख गाव ठरवते, कॅलेंडरात सापडणार नाही.

पुडे बांधायला बसा. हात चालू असले की आमच्या म्हाताऱ्या आपोआप बोलतात. पहिले दोन दिवस तुमचे पुडे सुटतील आणि माझी आजी ते मुकाट्याने पुन्हा बांधील, पण पाने मात्र नीट मोजा, एकोणसत्तर भरली तर फळीवर पुडा परत येतो.