मदत हवी आहे: कॉइल लेसरमध्ये आयोडीन लागतंच कशाला?

नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्स, दुसरं वर्ष. रोज वसमतहून नांदेडला बसनं ये-जा करतो. सेमिनारला विषय आलाय केमिकल ऑक्सिजन-आयोडीन लेसर, म्हणजे कॉइल.

इतिहास लिहून झाला. 1977 साली अमेरिकी हवाई दलाच्या कर्टलंडच्या प्रयोगशाळेत तो पहिल्यांदा चालला. फेब्रुवारी 2010 मध्ये बोइंग 747 मधून त्यानं क्षेपणास्त्र पाडलं आणि 2011 च्या अखेरीस तो प्रकल्पच गुंडाळला. सरांनी ही पानं भराभर उलटली आणि समीकरणाखाली लाल पेनानं लिहिलं, ‘मग ऑक्सिजनचाच लेसर का नाही?’ तिथंच गाडी अडली.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात क्लोरीन सोडला की सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे जादा ऊर्जा भरलेला उत्तेजित ऑक्सिजन मिळतो. मागं उरतं पाणी आणि पोटॅशियम क्लोराइड. (हळदीला टाकतो ते पोटॅश हेच, असं सांगितल्यावर आमचे बाबा पहिल्यांदाच माझ्या वहीत डोकावले.) ऊर्जा सगळी ऑक्सिजनकडं, मग आयोडीन हा मधला अडत्या कशाला?

दुसरं म्हणजे, ऑक्सिजनच्या एका रेणूमागं पाण्याचे दोन तयार होतात आणि पाण्याची वाफ तर या लेसरची वैरी म्हणतात. मग हे चालतं कसं?

परवा सेमिनार आहे. कुणी सांगेल का?

प्रतिसाद:
अडत्या बरोबर पकडलात. ऑक्सिजनकडं माल भरपूर आहे, पण त्याला तो विकता येत नाही. सिंगलेट अवस्थेतून प्रकाश टाकून खाली यायला क्वांटमचे नियम आडवे येतात. एकटा रेणू सोडला तर तासाभराहून जास्त तसाच बसून राहील. साठवायला झकास, पण लेसरला लागणारं प्रवर्धन (प्रकाश वाढवत नेणं) त्यातून निघत नाही. आयोडीन अणूची उत्तेजित पातळी योगायोगानं जवळजवळ तेवढ्याच उंचीवर आहे. टक्कर झाली की ऊर्जा तिकडं जाते आणि आयोडीन 1315 नॅनोमीटरचा प्रकाश देतो. आयोडीनचा रेणू फोडून अणू सुटे करायचं कामही हाच ऑक्सिजन करतो, त्यात त्याचे बरेच रेणू खर्ची पडतात.

धागाकर्ता:
दादा, लई उपकार! पण वायू नॉझलमधून ध्वनीपेक्षा जास्त वेगानं का सोडतात?

प्रतिसाद:
गार करायला. आयोडीनची पातळी किंचितच खाली आहे, त्यामुळं ऊर्जा उलटीही जाते. साध्या तापमानाला सुमारे 15 टक्के ऑक्सिजन सिंगलेट असला तर कुठं आयोडीनला मिळणाऱ्या आणि उलट जाणाऱ्या ऊर्जेत लेसरपुरता हिशोब बरोबरीत येतो. 150 केल्विनला 5 टक्क्यांच्या आतच भागतं. नॉझलमधून वायू प्रसरण पावला की तापमान धाडकन खाली.

पाण्याचं म्हणाल तर ते द्रावणातच राहतं. द्रावण शून्याखाली गार ठेवतात म्हणून वाफ कमी उठते. जी निसटते ती उत्तेजित आयोडीनची ऊर्जा खाते. आपल्याकडं पाणी जास्त झाल्याची तक्रार तशी क्वचितच!

धागाकर्ता:
समजलं. आता सर विचारणार, हे डोळ्यानं दिसतं का?

प्रतिसाद:
लेसरचा झोत अवरक्त, तो दिसत नाही. पण सिंगलेट ऑक्सिजनचे दोन रेणू एकत्र येऊन 634 आणि 703 नॅनोमीटरला मंद लाल उजेड देतात. तो आधी सांगा. लाल पेनाचं उत्तर नंतर.