एटी-१ रिसेप्टरचा बँड दोन्ही गटांत सारखाच का येतो?

प्रश्न: एपो-ई नॉकआउट (एपो-ई जीन काढून टाकलेले) नर उंदीर, ऑस्मोटिक पंपातून (कातडीखाली बसवलेल्या, औषध हळूहळू सोडणाऱ्या नळीतून) अँजिओटेन्सिन-२ (रक्तदाब वाढवणारं संप्रेरक), मिनिटाला किलोमागे १००० नॅनोग्रॅम, २८ दिवस. मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या वरची महाधमनी व्यवस्थित फुगली आहे, म्हणजे ॲन्युरिझम झाला आहे. पण वेस्टर्न ब्लॉटमध्ये (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) एटी-१ चा, म्हणजे अँजिओटेन्सिन-२ ज्याला चिकटतं त्या रिसेप्टरचा, बँड फक्त सलाइन दिलेल्या गटाइतकाच. रिसेप्टर वाढत नसेल तर महाधमनीच्या भिंतीतला दाह कशाने चालतो?

प्रतिसाद १: आधी अँटिबॉडी तपासा. एटी-१ च्या विकत मिळणाऱ्या बऱ्याच अँटिबॉडी रिसेप्टर नसलेल्या उंदराच्या ऊतीतही तोच बँड दाखवतात. एटी-१ नॉकआउटच्या नमुन्याची लेन (जेलवरचा पट्टा) शेजारी नसेल तर तो ब्लॉट धरूच नका. नमुना ९५ अंशांना उकळला असेल तर तेही चुकलं. असे रिसेप्टर गोळा होऊन जेलच्या तोंडाशी अडकतात. फुगलेल्या भागाच्या भिंतीत गुठळी असते, ती सलाइनने धुतली जात नाही. तिच्यात उंदराचं आयजीजी (त्याच्या स्वतःच्या रक्तातली अँटिबॉडी) असतं, म्हणून प्राथमिक अँटिबॉडी उंदराची असेल तर तिला पकडणारी दुय्यम अँटिबॉडी या आयजीजीलाही चिकटते आणि ५० किलोडाल्टनजवळ भलताच बँड उजळतो.
क्यूपीसीआर (आरएनएवरून जीन किती चालू आहे ते मोजणं) बरा. मात्र उंदरात या रिसेप्टरची १ए आणि १बी अशी दोन जीन्स आहेत, प्रायमर वेगळे हवेत. प्रथिनाचा सगळा कोड एकाच एक्झॉनमध्ये (जीनच्या एकाच तुकड्यात) असल्याने डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या आणि आरटी (आरएनएपासून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली नळी लावा, नाहीतर जीनोमिक डीएनएच मोजून बसाल.

प्रतिसाद २: रिसेप्टर वाढलाच पाहिजे असं कुठंय? अँजिओटेन्सिन चिकटलं की तो पेशीच्या आत ओढला जातो. काम पुढे होतं: ईआरके, एनएफ-कप्पा-बी (पेशीच्या आत संदेश पोचवणारी प्रथिनं), मग सीसीएल-२ आणि आयएल-६ (दाहाचे संदेश देणारी प्रथिनं), सीसीआर-२ वाले मोनोसाइट (सीसीएल-२ चा रिसेप्टर असलेल्या पांढऱ्या पेशी) येतात, एमएमपी-९ हे एन्झाइम भिंतीतलं लवचीक इलॅस्टिन कुरतडतं. हे पहिल्या काही दिवसांतच घडतं, त्यामुळे तिसऱ्या आणि सातव्या दिवसाचे नमुने घ्या. महाधमनी फुटून मरणारे उंदीरही बहुतेक पहिल्या दहा दिवसांतच जातात. २८ व्या दिवशी उरलेलेच मोजलेत तर सर्वांत वाईट केसेस हिशेबाबाहेर. शवविच्छेदन कराच.

प्रश्नकर्ता: मग नेमक्या कोणत्या पेशीतला रिसेप्टर?

प्रतिसाद २: इथेच घोळ आहे. १ए रिसेप्टर सगळ्या शरीरातून काढला की पोटातला ॲन्युरिझम होत नाही. पण फक्त स्नायूपेशींतून किंवा फक्त एंडोथेलियममधून (रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून) काढला तर होतो. एंडोथेलियममधून काढल्याचा फायदा दिसला तो छातीतल्या चढत्या महाधमनीत. अस्थिमज्जा बदलण्याच्या प्रयोगांतही रक्तपेशींपेक्षा यजमानाच्या ऊतीतला रिसेप्टर महत्त्वाचा ठरला.

प्रतिसाद ३: माणसावर लगेच बेतू नका. उंदरात ॲन्युरिझमवर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालतं. माणसांत १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दोन वर्षं देऊनही छोट्या ॲन्युरिझमची वाढ मंदावली नाही, निकाल २०२० चा. आयएल-६ रिसेप्टरच्या ३५८ व्या जागी ॲस्पार्टेटऐवजी ॲलॅनिन असणाऱ्यांत मात्र धोका कमी आढळतो. मला तो धागा जास्त भरवशाचा वाटतो.