कॉलेजच्या पैलवानाचं अख्खं वर्ष एका कुस्तीवर ठरावं का?

लालमाती_मोहोळ

गेल्या हिवाळ्यात माझा पुतण्या आंतरमहाविद्यालयीन निवड स्पर्धेत 65 किलोच्या फायनलला हरला. कॉलेज जिल्ह्याबाहेरचं आहे, नाव घेत नाही. गुण 6-6. समोरच्याचा एक डाव चार गुणांचा होता, याचे तिन्ही दोन-दोनचे, म्हणून निकाल त्याच्याकडे गेला. नियमाला धरूनच झालं, पंचांबद्दल तक्रार नाही. पण याच मुलाला पुतण्याने त्या मोसमात दोनदा पाडलं होतं, आणि त्या दोन कुस्त्यांची कुठे नोंदच नाही. कुस्ती संपल्यावर तो कोपऱ्यात बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. सोडायचा, परत बांधायचा, परत सोडायचा. मी जवळ गेलो नाही.

आपल्याकडची वाट अशी. कॉलेजातून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, तिथून विद्यापीठाचा संघ, एका वजनात एकच पैलवान. तो अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो आणि तिथल्या कामगिरीवर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेचं दार उघडतं (ती 2020 ला भुवनेश्वरात सुरू झाली). पहिल्याच पायरीवर पाय घसरला की वर्ष गेलं.

अमेरिकेत कॉलेज कुस्तीच्या राष्ट्रीय स्पर्धेला दहा वजनं असतात आणि प्रत्येक वजनात 33 जण, म्हणजे एकूण 330. त्यातल्या बऱ्याच जागा मोसमभराच्या कामगिरीवरून ठरतात: जिंकण्याची टक्केवारी, कुणाकुणाशी लढला त्याचं गणित, आणि प्रशिक्षकांची क्रमवारी. शिवाय काही जागा राखून ठेवतात, गटस्पर्धेत (तिथे कॉलेजांचे गट असतात, त्यांच्या आपापल्या स्पर्धेत) घसरलेल्या चांगल्या मुलांसाठी. आपल्याकडे असं का नको?

जुना_वस्ताद

भाऊ, पुतण्याचं वाईट वाटलं. पण तुमची मागणी मला अजिबात पटत नाही.

राखीव जागा देणार कोण? समिती. आपल्याकडे समिती म्हटलं की फोन सुरू होतात. चाळीस वर्षं आखाड्यात काढली, एवढं नक्की सांगतो की गादीवरची (मॅटवरची) कुस्ती हीच गरिबाच्या पोराची एकमेव शिफारस असते. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला मुलगा साखर कारखान्याच्या संचालकाच्या पोराला सहा मिनिटांत हरवू शकतो. कागदावर नाही हरवू शकत.

2023 ची आशियाई स्पर्धा आठवा. बजरंग आणि विनेश यांना निवड चाचणीची कुस्ती न लढवता घेतलं. 53 किलोची चाचणी अंतिम पंघालने जिंकली, तरी ती राखीव खेळाडू. कोर्टात गेली, तिथेही काही मिळालं नाही. पुढे विनेश जखमी झाली म्हणून पंघालला स्पर्धेला जायला मिळालं, आणि पोरीने कांस्य आणलं. मागच्या कामगिरीवर जागा द्यायला लागलं की असं होतं.

आणि आपले खाशाबा जाधव. 1952 च्या हेलसिंकीआधी निवडीत अन्याय झाला म्हणून त्यांनी पटियालाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी काय केलं? शिफारस लिहिली नाही. निरंजन दासशी पुन्हा कुस्ती लावली. खाशाबांनी ती मारली, हेलसिंकीला गेले आणि पदक घेऊन आले. न्याय कुस्तीनेच झाला.

केगाव_रोड

दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट राहून जातेय.

आधी अमेरिकेचं. तिथे मोसमात मिळवलेली जागा पैलवानाची नसते, त्याच्या गटाची असते. म्हणजे एखाद्याने वर्षभर जिंकून आपल्या गटाला 65 च्या आसपासच्या वजनात एक जागा मिळवून दिली, आणि गटस्पर्धेत तोच खाली घसरला, तर ती जागा दुसराच घेऊन जातो. हा मग राखीव जागेची वाट बघत बसतो. बिग टेनसारख्या तगड्या गटाला एकेका वजनात आठ-नऊ जागाही मिळतात, कमकुवत गटाला एखादीच. आणि एका कॉलेजचा एका वजनात एकच, हा नियम तिथेही आहे.

आपल्याला हे नवीन नाही. 2015 ला लास वेगासला नरसिंग यादवने 74 किलोत कांस्य जिंकून ऑलिंपिकचा कोटा, म्हणजे त्या वजनातली एक जागा आणली. कोटा देशाचा, म्हणून सुशीलकुमारने चाचणी मागितली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती नाकारली. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान असल्यामुळे आपण सगळे तेव्हा नरसिंगच्या बाजूने होतो. वस्ताद, तुमच्या न्यायाने तेव्हा चाचणी व्हायला हवी होती ना?

आता घरचं. 2004 पर्यंत सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात होता. मग आपलं वेगळं विद्यापीठ झालं, एकाच जिल्ह्याचं. शिवाजीकडे आजही कोल्हापूर, सांगली, सातारा आहेत. तिथल्या मुलाला तीन जिल्हे पार करून संघात यावं लागतं, आपल्या मुलाला एक. तिथला दोन नंबरचा देशात पहिल्या दहात बसेल असा असला तरी घरीच राहतो, आणि एखाद्या नव्या खासगी विद्यापीठाचा मुलगा न लढता ऑल इंडियाला पोचतो. रोहतक, कुरुक्षेत्रकडच्या विद्यापीठांचंही तेच. म्हणून माझं म्हणणं, मागच्या वर्षी एखाद्या वजनात पदक आणणाऱ्या विद्यापीठाला पुढच्या वर्षी त्या वजनात दोन मुलं पाठवू द्या. समिती नको, फोन नको, निकालपत्रकच बोलेल.

जुना_वस्ताद

नरसिंगच्या वेळी मी चाचणीच्याच बाजूने होतो. मोहोळ-मंगळवेढ्याकडच्या पुष्कळांनी तेव्हा मला सुनावलं.

दोन मुलांची कल्पना वाईट नाही. पण त्याचा फायदा रोहतकला होईल, सोलापूरला नाही. आपल्या मुलाची पहिल्या फेरीची जोड आणखी जड होईल, याचा विचार करा.

सांगोल्याची_लेक

वस्ताद, दादा, तुम्ही सगळे मुलांच्या वजनांवर बोलताय. मी तीन वर्षं कॉलेजकडून खेळले, माझा अनुभव सांगते.

पहिल्या वर्षी माझ्या वजनात मी एकटीच. सकाळी काट्यावर उभी राहिले, सहीचा कागद आला, पंचांनी हात वर केला. झाली निवड. एकही पट न काढता मी विद्यापीठाचा ट्रॅकसूट घातला. घरी पेढे वाटले. मग ऑल इंडियाला पहिल्याच फेरीत हरयाणाची मुलगी समोर आली. दुसऱ्या मिनिटाला तिने माझा पाय धरला, घोट्यांना पीळ घातला आणि मला एका पाठोपाठ गरगर फिरवलं. दोन, चार, सहा, आठ, दहा. दहा गुणांचा फरक पडला की कुस्ती थांबते. ती पुढे हरली, त्यामुळे मला रेपेचाजही (हरवणारी फायनलला गेली तरच मिळणारी दुसरी संधी) मिळालं नाही. येताना दोन रात्रींचा प्रवास होता.

माझ्यावर अन्याय कुणीच केला नव्हता. त्या मुलीचा हात मी आधी कधी अनुभवलाच नव्हता, एवढंच. अमेरिकेतल्या मुलाच्या गाठीला मोसमात वीस-पंचवीस कुस्त्या असतात, म्हणून तिथे टक्केवारीला अर्थ आहे. आपल्याकडे वर्षाला नोंदलेल्या तीन-चार कुस्त्या. त्याची टक्केवारी काढून काय कळणार?

आणि वजनाचं कुणीच बोललं नाही. 1997 मध्ये अमेरिकेत तीन कॉलेज पैलवान वजन उतरवता उतरवता महिन्याभरात वारले. त्यानंतर मोसमाच्या आधीच शरीरातलं पाणी आणि चरबी तपासून प्रत्येकाचं कमीत कमी वजन ठरवायला लागले. आमच्या खोलीवर मुली आदल्या रात्री थुंकून-थुंकून वजन उतरवायच्या. अमेरिकेचं काही घ्यायचंच असेल तर आधी ही वजनाची तपासणी घ्या.

लालमाती_मोहोळ

ताई, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिलंच नाही. नोंदलेल्या कुस्त्याच नाहीत, हे खरं. माझ्या पुतण्याने त्या मुलाला दोनदा हरवलं म्हणालो, पण त्यातली एक जत्रेच्या मैदानातली, मातीवरची, निकाली. ती गादीवरच्या निवडीत कशी धरणार?

राखीव जागेचा हट्ट सोडतो. पण वस्ताद, खाशाबांचं उदाहरण तुम्हीच दिलंत. त्यांना दुसरी कुस्ती मिळाली म्हणून ते हेलसिंकीला गेले. मग आमच्या पोरांना ती का नाही? निवडीची फायनल तीनपैकी दोनची करा. आज एक, उद्या सकाळी पुन्हा वजन घेऊन दुसरी, लागलीच तर तिसरी. समिती नाही, कागद नाही.

जुना_वस्ताद

तीनपैकी दोनला माझा विरोध नाही. पण मुलांना एक दिवस जास्त ठेवायचं, म्हणजे दहा वजनांच्या वीस मुलांचा मुक्काम, खुराक आणि दुसऱ्या दिवशीचे पंच. आज कित्येक ठिकाणी मुलं मॅटवरच झोपतात. तो खर्च कॉलेज देणार की विद्यापीठ, हे आधी लिहून घ्या, नाहीतर पोरांच्याच खिशातून जाईल.

मोसमाचं म्हणाल तर माझ्या तालमीत गादी आहे. दर पंधरा दिवसांनी रविवारी कॉलेजच्या मुलांच्या कुस्त्या लावू, वजन घेऊन, वहीत गुण लिहून. पुतण्याला पाठवा. 65 ला माझ्याकडे दोघं आहेत, दोघंही त्याला सोपे जाणार नाहीत.

सांगोल्याची_लेक

वस्ताद, मुलींच्याही लावणार का? 53 आणि 57 ला मिळून आम्ही चौघी आहोत. सांगोल्याहून पहिली एसटी धरून येऊ.

जुना_वस्ताद

या. मुलींच्या कुस्त्या आधी लावतो, म्हणजे दुपारच्या गाडीने परत जाता येईल. वजन आठला.