डेट्रॉईटमधल्या मोटारवाल्यांच्या जुन्या हवेल्या, आईबाबांना कुठली दाखवू?

पिंपरीचा_पोरगा
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईबाबा येतायत, आम्ही ट्रॉयला राहतो. बाबांची ३५ वर्षं पिंपरीत गाड्यांच्या कारखान्यात गेली त्यामुळे त्यांना फोर्ड, डॉज वगैरे जुन्या मालकांची घरं बघायचीयेत. आईचे गुडघे दुखतात म्हणून फार तर दोन घरं होतील. कुठली निवडू?

ओकलंडवाली
मेडो ब्रुक हॉल, रोचेस्टर हिल्स, तुमच्यापासून जवळ आहे! ११० खोल्या. हे घर बांधणारी मटिल्डा ही डॉज बंधूंच्या ऑफिसात सेक्रेटरी होती, १९०७ मध्ये त्यांच्यातल्या जॉन डॉजशी लग्न झालं. फोर्डच्या सुरुवातीच्या गाड्यांची इंजिनं हेच भाऊ बनवून द्यायचे, हे बाबांना नक्की सांगा. १९२० मध्ये एकाच वर्षात दोघं भाऊ गेले, १९२५ ला दोघी जावांनी कंपनी १४.६ कोटी डॉलरला विकली आणि मग मटिल्डाने दुसऱ्या नवऱ्यासोबत हे घर बांधलं, १९२९ ला पूर्ण झालं. १९५७ मध्ये तिने सगळी जमीन आणि वर २० लाख डॉलर कॉलेजसाठी देऊन टाकले, तीच आजची ओकलंड युनिव्हर्सिटी. मी तिथेच शिकले, त्या बाईबद्दल मला फार आदर आहे. धाकट्या जावेचं ग्रोस पॉइंटचं रोझ टेरेस मात्र १९७६ ला पाडलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

रूजकाठचा
बाबा शॉपफ्लोअरचे असतील तर डिअरबॉर्नचं फेअर लेन, हेन्री फोर्डचं स्वतःचं घर. रूज नदीवर बांध घालून घरची वीज घरीच तयार करायचे, पॉवरहाऊसची कोनशिला १९१४ मध्ये एडिसनने बसवली. आणि १९४७ च्या एप्रिलमध्ये त्याच नदीला पूर आला, वीज गेली आणि त्या रात्री फोर्ड मेणबत्त्या नि कंदिलांच्या उजेडात वारला. रिस्टोरेशन बरीच वर्षं चाललंय त्यामुळे घर आतून बघायला मिळतं का ते आधी चेक करा, बाग आणि नदीकाठ सुंदर आहे.

हरेकृष्ण_मिशिगन
फिशर मॅन्शन कसं काय कोणी सांगितलं नाही? कॅडिलॅकचा प्रमुख लॉरेन्स फिशर, त्याचं डेट्रॉईटमधलं घर, आज ते इस्कॉनचं मंदिर आहे. १९७५ मध्ये दोघांनी मिळून विकत घेऊन दिलं, एक आल्फ्रेड फोर्ड म्हणजे हेन्रीचा पणतू आणि दुसरी कामगार पुढारी वॉल्टर रॉयथरची मुलगी. आता हे बघा, १९३७ मध्ये फोर्डच्या रूज कारखान्याच्या पुलावर फोर्डच्या माणसांनी याच रॉयथरला बेदम मारलं होतं, आणि पुढच्या पिढ्यांनी एकत्र येऊन कृष्णाला घर दिलं. मी दर वेळी पाहुण्यांना ही गोष्ट सांगतो, सांगताना गळा दाटून येतो. आल्फ्रेडच्या आईसाठी तिच्या लहानपणी बांधलेलं खेळघर तिच्या वडिलांच्या, म्हणजे हेन्रीचा मुलगा एडसेल फोर्डच्या बंगल्याच्या आवारात अजून आहे, वेळ मिळाला तर तेही बघा.

पिंपरीचा_पोरगा
खूप धन्यवाद सगळ्यांना. बाबांना फोनवर वाचून दाखवलं, ते युनियनमध्ये होते, रॉयथरचं ऐकून बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले आधी मंदिरात जाऊ. आईला तर विचारावंच लागलं नाही. मेडो ब्रुक दुसऱ्या दिवशी. तिथे व्हीलचेअर मिळते का, कोणी अलीकडे गेलंय?