मदत हवी आहे: आईच्या पोटात राहिलेला गॉज आणि उलटून गेलेली दोन वर्षं

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते. आज गरज पडली म्हणून लिहितेय, थोडं लांबेल.

सव्वादोन वर्षांपूर्वी आईचं (वय 58) गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन एका खासगी हॉस्पिटलात झालं. घरी आल्यापासून तिच्या पोटात उजव्या बाजूला दुखायचं. त्याच डॉक्टरांकडे किती खेपा घातल्या याची गणती नाही. कधी म्हणायचे गॅस आहे, कधी टाके ओढतायत. एकदा तर, "वय झालं की असं होणारच काकू, मनाला लावून घेऊ नका." मग आईने दुखतंय हे सांगायचंच सोडलं. पाच महिन्यांपूर्वी उलट्या थांबेनात म्हणून दुसरीकडे नेलं. सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसली. पोट उघडल्यावर कळलं की गाठ नाही, गॉज (ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचं जाळीदार कापड) आहे, आतड्याला घट्ट चिकटलेला. तेवढा आतड्याचा भाग कापून काढावा लागला.

पहिल्या हॉस्पिटलचं बिल 74 हजार झालं होतं. 50 हजार मेडिक्लेममधून गेले, वरचे 24 हजार आम्ही रोख दिले, त्याची पावती नाही. केसपेपर मागतोय तर दोन महिने "रेकॉर्ड रूमला विचारून सांगतो" चाललंय. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडून निरोप आला की दीड लाख देतो, एका कागदावर सही करा.

भाऊ म्हणतो पोलिसात जाऊ. मावशी म्हणते पैसे घ्या आणि सोडा. ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं की दोन वर्षांची मुदत गेली, आता काही होणार नाही. दुसरे सर्जन तोंडी सगळं कबूल करतात, पण "मी कुणाच्या विरोधात लिहून देणार नाही" म्हणतात.

खरंच मुदत संपली का? आणि सुरुवात कुठून करायची?

रिकामटेकडा

डॉक्टर डॉक्टरला वाचवतो. काही होत नाही. दीड लाख घ्या आणि मोकळ्या व्हा.

तारीखवाला

पाऊलवाट, आधी एकच. त्या कागदावर सही करू नका. त्यात बहुतेक "पूर्ण व अंतिम तडजोड, यापुढे कोणतीही तक्रार नाही" असं काहीतरी असणार. तडजोड वाईट नसते, पण ती नुकसान किती झालंय ते मोजून झाल्यावर करायची. आज तुम्हाला दुसऱ्या ऑपरेशनचा पूर्ण खर्चसुद्धा मांडता येणार नाही.

आता मुदत. मी ग्राहक आयोगात वकिली करतो, त्यामुळे हे रोज ऐकतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. पण कारण घडलं कधी? पाय चुकीचा कापला तर ते त्याच दिवशी डोळ्यांना दिसतं. पोटात राहिलेला गॉज दिसत नाही. अशा वेळी रुग्णाला ते कळलं, किंवा नीट लक्ष दिलं असतं तर कळू शकलं असतं, तिथून मुदत मोजतात. तुमच्या बाबतीत पाच महिन्यांपूर्वीपासून.

मात्र यातली मेख समजून घ्या. 2010 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे, श्रीखंडे विरुद्ध फर्नांडिस. 1993 साली पित्ताशयाचं ऑपरेशन, गॉज सापडला 2002 मध्ये. कोर्टाने वरचं तत्त्व मान्य केलं आणि तरीही ती बाई हरली. कारण तिला सुरुवातीपासून दुखत होतं, ती स्वतः नर्स होती, आणि इतकी वर्षं तिने त्या डॉक्टरांकडे जाऊन विचारलं नाही. म्हणजे समोरचा वकील तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारणार: दुखत होतं तर दोन वर्षं काय केलं?

तुमचं उत्तर तयार आहे. त्याच डॉक्टरांकडे जात होतो आणि तेच गॅस म्हणत होते. पण त्याचा कागद आहे का? ओपीडीच्या चिठ्ठ्या, औषधांची बिलं, सोनोग्राफी, फोनवरचे मेसेज, अपॉइंटमेंटचे एसएमएस. एकूण एक शोधा. आणि तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्जही जोडून ठेवा. आयोगाने मुदत ऑपरेशनपासून धरली तरी कारण पटलं तर उशीर माफ करता येतो.

ओटीतला माणूस

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे या प्रकरणात आरोपीच्या पिंजऱ्याजवळ उभा राहणारा. तरी लिहितो.

ऑपरेशननंतर त्रास झाला की निष्काळजीपणा झालाच, असं नसतं. जंतुसंसर्ग, चिकटणं, रक्तस्राव हे सगळं उत्तम सर्जनच्या हातूनही होतं, आणि कोर्टंही ते मानतात. पण आत राहिलेला गॉज ही वेगळीच गोष्ट. पोट बंद करण्याआधी गॉज आणि मॉप (टिपायची मोठी फडकी) मोजायचे असतात, स्क्रब नर्स मोठ्याने मोजते, आकडा लिहिला जातो. आकडा जुळला नाही तर पोट बंद करायचं नाही, शोधायचं. सर्जरीच्या गॉजमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो तो त्यासाठीच. त्यामुळे इथे "ही अपेक्षित गुंतागुंत होती" हा बचाव टिकत नाही.

दुसऱ्या सर्जनना विरोधात लिहायला सांगू नका, ते घाबरणारच. त्यांनी मत द्यायची गरजच नाही. पोट उघडलं तेव्हा काय दिसलं ते त्यांच्या ऑपरेशन नोट्समध्ये आणि डिस्चार्ज कार्डावर असायलाच हवं. तिथे "बाह्य वस्तू" इतकंच मोघम लिहिलंय की "गॉज" लिहिलंय, ते आजच बघा. काढलेलं आतडं आणि गॉज पॅथॉलॉजीकडे गेले असणार, तो रिपोर्ट घ्या. सीटीचा नुसता रिपोर्ट नको, सीडीसुद्धा.

पहिल्या हॉस्पिटलकडून मोघम "केसपेपर" मागू नका. नावानिशी मागा: ऑपरेशन नोट्स, भुलीचा तक्ता, गॉज मोजणीची नोंद, नर्सिंग नोट्स, संमतीपत्र. मोजणीची नोंदच सापडली नाही, तर ते तुमच्या बाजूने बोलतं.

तारीखवाला

डॉक्टरसाहेबांनी माझं अर्धं काम केलं. त्यात भर घालतो.

मागणी लेखी करा. स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत कागद द्यावे लागतात. आणि आंतररुग्णांचं (ॲडमिट असलेल्यांचं) रेकॉर्ड त्यांनी तीन वर्षं जपून ठेवायचं असतं. तुमची सव्वादोन झालीत, म्हणजे "नष्ट केलं" म्हणायची सोय अजून त्यांना नाही. तोंडी मागत बसलात तर नऊ महिन्यांनी ती होईल.

पावती नसलेल्या 24 हजारांची फार काळजी नको. विमा कंपनीने भरलेले 50 हजारही मोबदलाच (उपचारासाठी दिलेले पैसे) धरले जातात. 1995 च्या व्ही. पी. शांता निकालातच ते आलंय. दावा कुठे चालणार हे नुकसानभरपाई किती मागता त्यावर ठरत नाही, मोबदला किती दिला त्यावर ठरतं. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग. मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. तक्रारदार म्हणून नाव आईचं, सही आईची.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही, हे 2010 च्या किशन राव निकालात आहे. वस्तुस्थितीच बोलते तिथे गरज पडत नाही. आपल्याकडचंच उदाहरण घ्या, अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 साली नसबंदीच्या ऑपरेशनमध्ये बाईच्या पोटात टॉवेल राहिला, ती दगावली. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सरकारला जबाबदार धरलं. (हो, तेहतीस वर्षं. माझं टोपणनाव उगाच नाही.)

भावाला सांगा, पोलिसांत जायचा हक्क आहे, पण तिथे "घोर" निष्काळजीपणा लागतो. जेकब मॅथ्यू, 2005. आधी पोलिसांना स्वतंत्र डॉक्टरांचं, शक्यतो सरकारी डॉक्टरांचं मत घ्यावं लागतं. त्यातून भरपाई मिळवायची असेल तर तो रस्ता लांबचा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार जरूर करा, पण ती डॉक्टरांच्या नोंदणीवर कारवाईसाठी. पैसे तिथे मिळत नाहीत.

कडुनिंब

मी हरलेला माणूस आहे, म्हणून लिहितो.

वडील बायपासनंतर जंतुसंसर्गाने गेले. आम्ही रागात होतो. तक्रारीत पानभर हॉस्पिटलच्या उद्धटपणाबद्दल लिहिलं, आयसीयूबाहेर कसं ताटकळत ठेवलं ते लिहिलं. सगळं खरं होतं. पण त्यांनी नेमकं काय करायला हवं होतं आणि केलं नाही, हे आम्हाला कागदावर दाखवता आलं नाही. सहा वर्षं गेली. कायदा म्हणतो तीन महिने! प्रत्येक तारखेला रजा टाकायची, तिथे जाऊन कळायचं की समोरच्यांनी पुढची तारीख मागितलीय.

आता मागे वळून बघताना वाटतं, हॉस्पिटलची चूक नसेलही. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. तुमचं प्रकरण तसं नाही, वरच्या डॉक्टरांनी सांगितलंच. फक्त आईची तयारी आहे का ते तिला विचारा. तारखा तिच्या नावाने पडणार.

आणि कुणी वकील "भरपाईच्या तीस टक्के द्या, आता फी नको" म्हणाला तर उठून या. बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही.

तारीखवाला

बरोबर. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो.

रिकामटेकडा

बरं, माझे शब्द मागे. गॉजचा धागा एक्स-रेत दिसतो हे माहीतच नव्हतं.

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. चार दिवस गायब होते, कारण घर उपसत होतो.

डिस्चार्ज कार्डावर "गॉज" हा शब्द आहे. पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि सीडी मिळाली. पत्र स्पीड पोस्टाने गेलं, पाचही कागद नावानिशी मागितले.

चिठ्ठ्यांचं मात्र अवघड वाटत होतं. मी आणि भाऊ असल्या गोष्टी फेकून देणारे. आई म्हणाली, माझ्या शिलाईच्या डब्यात बघ. सुया-दोऱ्यांखाली रबर लावून गठ्ठा होता. त्याच डॉक्टरांच्या लेटरहेडवरच्या अकरा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर तारीख, बहुतेकांवर त्यांच्याच अक्षरात "पोटदुखी". पहिली डिस्चार्जनंतर सोळाव्या दिवसाची.

कडुनिंब, तुमचं वाचून तिला विचारलं. ती म्हणाली तारखांना मी येईन, मला दुसरं काय काम आहे. तिची एकच अट आहे. "वय झालं की असं होणारच" हे वाक्य तक्रारीत आलं पाहिजे. तारीखवाला, असं लिहिता येतं का?

तारीखवाला

अकरा चिठ्ठ्या! मुदतीचा मुद्दा आलाच, तर हा गठ्ठा पुढे ठेवायचा. मूळ प्रती कुणालाही देऊ नका, मलाही नाही. झेरॉक्स लावायच्या, मूळ आयोगाने मागितल्या तर दाखवायच्या.

ते वाक्य येतं की. उद्धटपणा म्हणून नको. तपासणी न करता कारण वयावर ढकललं, असं लिहा. कोणत्या खेपेला म्हणाले होते ते आईंना आठवतंय का?

पाऊलवाट

सातव्या. त्या चिठ्ठीवर मागच्या बाजूला तिने पेन्सिलीने लिहून ठेवलंय.