किल्ली दिली म्हणजे सुटलो असं नाही
जुनी गाडी विकली, स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, पैसे मिळाले, आता माझा संबंध संपला, असं तुम्ही म्हणताय. कृपा करून त्या भरवशावर राहू नका. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार खटल्यात गाडी एकामागून एक कितीतरी हात फिरली होती, विमाही नव्हता. तरी २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अपघाताची भरपाई नोंदणीत नाव असलेल्या पहिल्या मालकावरच टाकली. बिचाऱ्याकडे गाडी कधीचीच नव्हती!

फॉर्म २९, म्हणजे गाडीची मालकी बदलल्याची सूचना, विकणाऱ्यानेच १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. एजंटाच्या हाती कोऱ्या सह्या ठेवून मोकळे होऊ नका, पोच स्वतःजवळ ठेवा. आणि परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघत राहा, नाव बदलेपर्यंत.