स्विंडनला जाताय तर डिडकॉट चुकवू नका

मडगावहून इंग्लंडमधल्या स्विंडनला मुलीकडे चाललेल्या एकांनी विचारलंय, की वाफेची इंजिनं बघायला स्विंडनचं संग्रहालय पुरेल का. तिथली इंजिनं थंड आहेत. धगधगतं इंजिन बघायचं तर रेल्वेने डिडकॉट पार्कवे गाठा. जुन्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेची इंजिनं जपणारी स्वयंसेवकांची ग्रेट वेस्टर्न सोसायटी १९६७ पासून तिथे आहे. स्टेशनच्या भुयारी वाटेतूनच आत जातात. पण इंजिन रोज पेटत नाही. 'स्टीम डे', म्हणजे इंजिन पेटवायचे दिवस, बघूनच तारीख ठरवा.

सकाळी लवकर पोचा. थंड बॉयलर घाईने तापवला तर पत्रे आणि नळ्या असमान फुगतात, सांधे गळू लागतात. म्हणून गाडी सुटण्याच्या कितीतरी तास आधी आग पेटते. फूटप्लेटवर, म्हणजे चालकाच्या जागेवर, चढू दिलं तर आधी बॉयलरमधलं पाणी किती ते दाखवणारी काच बघा. पाणी फायरबॉक्सच्या, म्हणजे आगीच्या पेटीच्या, छताखाली गेलं की तिथली शिशाची गुडदी वितळते आणि वाफ आगीवर येते. तेवढी वेळ कुणी येऊ देत नाही, नजर सतत त्या काचेवर!

इंजिन हलताना सिलिंडरच्या बाजूला उभं राहू नका. साचलेलं पाणी दाबलं जात नाही, ते आत राहिलं तर सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. म्हणून सुरुवातीला सिलिंडरचे कॉक (पाणी काढायच्या तोट्या) उघडे ठेवतात आणि वाफ जोरात बाहेर येते.

ग्रेट वेस्टर्नचा अभियंता ब्रुनेल याचा ब्रॉडगेज रूळ मात्र नक्की बघा: दोन रुळांमधलं अंतर सात फूट पाव इंच. आपला मुरगावचा जुना मीटरगेज त्याच्या निम्म्याहूनही कमी. पांढरे कपडे नकोत, काजळी बसते.